गोल्फ कोर्सचे तैलचित्र

छावणीत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी गोल्फ कोर्स निदान कुंपणाबाहेरून पाहिलेला असतो. त्याचे चित्र काढणे सोपे वाटते. वर निळे, खाली हिरवे, मध्ये एक झेंडा. प्रत्यक्षात निसर्गचित्रांतला हा अवघड प्रकार आहे. घराला किंवा डोंगराला स्वतःची कडा असते, कापलेल्या गवताला ती नसते. त्याचा चढउतार दाखवायला चित्रकाराकडे मुख्य साधन एकच, सावली.

लिंडा हार्टो या अमेरिकन चित्रकर्तीने याच विषयात नाव मिळवले. १९८४ मध्ये ऑगस्टा नॅशनल क्लबसाठी त्यांनी तिथल्या तेराव्या होलचे चित्र केले. होल म्हणजे नुसता खळगा नव्हे. पहिला फटका मारण्याची जागा, लांब फेअरवे, वाळूचे बंकर आणि शेवटचे बारीक कापलेले ग्रीन मिळून एक होल होतो. तेराव्याचा फेअरवे डावीकडे वळतो आणि ग्रीनसमोर ओढा आहे.

साधे निसर्गचित्र काढताना नको असलेले झाड गाळता येते. इथे ती मुभा नाही. ज्याचा चेंडू त्या बंकरमध्ये अडकला आहे, तो चित्रात आधी तोच बंकर शोधतो. म्हणून अशा चित्राचे काम पायांनी सुरू होते. मैदान फिरायचे, निरनिराळ्या जागांवरून फोटो घ्यायचे, मग स्टुडिओत बसायचे. फोटो जसाच्या तसा उतरवूनही भागत नाही, कारण फोटोत उतार सपाट वाटतो आणि रुंद लेन्समुळे ग्रीन फार दूर जाते. वेळ निवडायची ती सकाळची किंवा संध्याकाळची. सूर्य खाली असला की झाडांच्या लांब सावल्या उंचवट्यावर चढतात, खोलगटात उतरतात. मॅप रीडिंगमध्ये जे काम कंटूर रेषा करतात, तेच इथे सावली करते.

याउलट सर जॉन लेव्हरी. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनचे अधिकृत युद्धचित्रकार होते. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बर्विकच्या गोल्फ कोर्सची त्यांची चित्रे मोकळ्या, भरभर मारलेल्या फटकाऱ्यांची आहेत आणि त्यांत खेळणारी माणसे आहेत. चित्र म्हणून मला लेव्हरी जास्त आवडतात. पण चित्र पाहून फटका कुठे मारायचा ते ठरवायचे असेल, तर हार्टोच हव्यात.

आता रंगांकडे. ट्यूबमधला तयार हिरवा सगळीकडे लावला तर गवत प्लास्टिकचे दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि पिवळा मिसळून हिरवा करावा, आणि भडक वाटल्यास त्यात किंचित लाल घालावा. दूरच्या झाडांत निळा व पांढरा वाढवावा, जवळच्या गवतात पिवळा. फेअरवेवरचे फिके-गडद पट्टे दोन जातींच्या गवताचे नसतात. कापणीचे यंत्र जाताना पाती एका दिशेला वाकतात, येताना दुसऱ्या. आपल्यापासून दूर वाकलेली पाती फिकी दिसतात. बंकरची वाळूही नुसती पांढरी नसते, सावलीत ती निळसर होते.

तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि याला दिवस लागतात. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला आणि वरचे थर जास्त तेलाचे. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात. आठवड्यातून एकदाच मिळणारा हॉबीचा तास या बाबतीत सोयीचाच आहे!

करून पाहायचे असेल तर गोल्फ कोर्सच हवा असे नाही. सकाळी पीटीला जाताना आपले फुटबॉलचे मैदान तिरक्या उन्हात पाहा. दुपारी शोधूनही न सापडणारे खड्डे तेव्हा एकेक करून मोजता येतात.