गुलमर्गच्या वाटेवरचं

अरे, आपली माणसं सकाळी श्रीनगरहून निघतात, गुलमर्गला बर्फात लोळतात आणि अंधार पडायच्या आत माघारी. तू तसं करू नकोस. जेमतेम 50 किलोमीटरचा रस्ता, पण निम्मी मजा त्या वाटेवरच आहे.

टंगमर्गला गाडी थांबणारच. पुढे 13 किलोमीटर घाट. ताजा बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. तिथेच गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणारे गराडा घालतात. घाई करू नकोस. बुटात पार बोटांपर्यंत हात घालून ओल आहे का बघ, जाड मोजे चढवून चार पावलं चाल, मग भावाचं बोल. ओला बूट फुकट दिला तरी नको.

टंगमर्गजवळच द्रंग आहे. कडाक्याच्या थंडीत तिथला धबधबा गोठतो, कड्यावरून बर्फाचे सुळे लोंबतात. फोटोसाठी त्यांच्या खाली मात्र जाऊ नकोस, ऊन लागलं की निखळतात. बाबा रेशींचा दर्गाही याच भागात. पंधराव्या शतकातले सूफी, मोठ्या घरचं सगळं सोडून इथे येऊन राहिलेले. डोक्यावर रुमाल घे आणि जरा टेक.

गुलमर्गच्या गंडोलाचं, म्हणजे रोपवेचं, तिकीट घरूनच ऑनलाइन काढ. त्याचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर, जवळजवळ 13 हजार फुटांवर नेतो, पण वारा सुटला की बंद. म्हणून एक मुक्काम गुलमर्गला ठेवच. स्की शिकायचं तर खालचे उतार पुरे; अफरवतावरून घसरणं येरागबाळ्याचं काम नाही.

परतीला श्रीनगरात आली कदलला हरिसा खा. मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून, घोटून घोटून एकजीव केलेले, वर कडकडीत तेल. बरोबर तंदुरातली गिर्दा रोटी. हा हिवाळ्यातलाच पदार्थ, तोही सकाळचा. नाश्ता हॉटेलच्या भाड्यात धरलाय म्हणून तिथेच पोहे-ब्रेड खात बसलास तर दुकानातलं भांडं रिकामं झालेलं असेल. पार्सल घेऊ नकोस, गार झाला की थिजतो.

आणि हो, आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. एकाचं तरी पोस्टपेड असू दे, आणि गंडोलाच्या तिकिटाची छापील प्रत खिशात ठेव.