दुष्काळात तगण्याचा गुण एका जनुकात मावत नाही : रब्बी ज्वारीचं उदाहरण



आनुवंशिकता शिकवताना आपण मेंडेलच्या वाटाण्यापाशी रमतो. उंच की बुटका, एका जनुकावर काम भागतं. मग मुलं विचारतात, "सर, दुष्काळात तगणारं जनुक पिकात घातलं की झालं ना?" याला लगेच 'हो' म्हणू नका. आधी रब्बी ज्वारी दाखवा.

सोलापूरकडे ही ज्वारी पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच जगते. म्हणजे पाण्याचा पगार एकदाच, खर्च मात्र दाणे भरेपर्यंत पुरवायचा. कणीस निसवल्यावर ओल संपली की पानं करपतात, दाणा बारीक राहतो. ताटात बुरशी शिरते, ते आतून पोकळ होतं आणि पीक लोळतं. हाच तो खडखड्या.

1930 च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवड करून 'मालदांडी 35-1' हा वाण मिळाला. जनुकं कुणी पाहिली नव्हती. चांगली ताटं निवडली, बी राखलं. अजूनही लोक तो पेरतात!

पुढे इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या 'बी 35' या वाणात दाणे भरतानाही पानं हिरवी राहतात असं दिसलं. या गुणाला 'स्टे-ग्रीन' म्हणतात. त्याच्याशी जोडलेले गुणसूत्रांवरचे चार मुख्य भाग सापडले, आणि प्रत्येक भागात कितीतरी जनुकं. गंमत म्हणजे यात जादू काही नाही. हे भाग सुरुवातीलाच फुटव्यांचा आणि पानांचा पसारा आवरतात. पाणी कमी उडतं, जमिनीत उरतं, शेवटी दाण्याला मिळतं. निव्वळ काटकसर.

हैदराबादजवळ पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट'मध्ये हे भाग संकरातून दुसऱ्या वाणांत आणले गेले. इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट सांगा : हे जीएम पीक नव्हे. ज्वारीचा ज्वारीशीच संकर. डीएनएच्या खुणा फक्त हवं ते रोप लहानपणीच ओळखायला.

मग सगळीकडे हेच का पेरत नाहीत? कारण पाणी भरपूर असेल त्या वर्षी काटकसरी पीक उत्पन्नात मागे पडू शकतं. जमिनीचाही प्रश्न आहेच. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं हलक्या जमिनीसाठी 'फुले अनुराधा' आणि भारी जमिनीसाठी 'फुले वसुधा' असे वेगळे वाण दिले ते त्यामुळेच.

वर्गात करून बघा. दोन सारख्या कुंड्यांत सारखीच माती घ्या. एकीत ज्वारीचं एक रोप ठेवा, दुसरीत चार. रोपं वितभर झाली की एकदाच पोटभर पाणी द्या, मग बंद. कुठली पानं आधी मान टाकतात, ते मुलांना रोज वहीत लिहू द्या.