बारा दिवसांचा पाठलाग

१४ एप्रिल १८६५ रोजी रात्री सव्वादहाच्या सुमारास, वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहात एक विनोदी नाटक रंगात आले असता, जॉन विल्क्स बूथ याने अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या डोक्यात मागून गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी लिंकन यांची प्राणज्योत मालवली. दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्यास तेव्हा आठवडाही लोटला नव्हता.

बूथ हा काही अज्ञात माथेफिरू नव्हता. तो नामांकित नट होता आणि गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता होता. प्रेक्षागारातून रंगमंचावर उडी टाकून तो निसटला. या धावपळीत त्याच्या पायाचे हाड मोडले. रात्री नऊनंतर बंद असणाऱ्या पुलावर पहारेकऱ्याने त्याला अडविले, तेव्हा त्याने आपले खरे नाव सांगितले आणि तरीही त्याला वाट मिळाली! मागोमाग त्याचा साथीदार डेव्हिड हेरॉल्ड पार झाला. पहाटे मेरीलंडमधील डॉ. सॅम्युअल मड यांनी बूथचा पाय बांधून दिला.

यानंतरच्या दिवसांकडे इतिहासकारांचे लक्ष विशेष वेधले जाते. हजारो सैनिक आणि गुप्त पोलीस मुलूख धुंडाळीत असता हे दोघे पाइन वृक्षांच्या दाट झाडीत चार-पाच दिवस दडून राहिले. थॉमस जोन्स नावाचा एक मनुष्य त्यांना अन्न व वर्तमानपत्रे आणून देई. युद्धकाळात दक्षिणेची टपाल पोटोमॅक नदीपार पोहोचविण्याचे काम त्याने केले होते, त्यापायी तुरुंगवासही भोगला होता आणि आता तो पुरता कफल्लक झाला होता. २० एप्रिल रोजी युद्धमंत्री स्टॅण्टन यांनी एक लाख डॉलरांची बक्षिसे जाहीर केली. त्यांपैकी पन्नास हजार एकट्या बूथसाठी होते. जोन्सने तोंड उघडले नाही. ही निष्ठा कोणत्या पक्षाला वाहिलेली होती हे विसरता येत नाही. पण तिचे अस्तित्व नाकारताही येत नाही.

अन्नापेक्षा वर्तमानपत्रांनीच बूथला अधिक घायाळ केले. दक्षिण आपला जयजयकार करील अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सर्वत्र धिक्काराचे सूर उमटले होते. ज्या कृत्याबद्दल ब्रूटसचा गौरव झाला त्याच कृत्याबद्दल आपली शिकार व्हावी, अशी खंत त्याने आपल्या टिपणवहीत नोंदविली. नटाला शेवटपर्यंत भूमिकेचाच मोह होता, असे म्हणावे लागते.

जोन्सने दिलेल्या नावेतून ते निघाले, परंतु अंधारात वाट चुकून पुन्हा मेरीलंडच्याच किनाऱ्याला लागले. अखेर व्हर्जिनियात पोहोचल्यावर त्यांनी गॅरेट नावाच्या शेतकऱ्याकडे आसरा घेतला. २६ एप्रिलच्या पहाटे घोडदळाच्या तुकडीने तेथील तंबाखूच्या कोठारास वेढा घातला. हेरॉल्ड शरण आला. बूथ बाहेर येईना, तेव्हा कोठाराला आग लावण्यात आली आणि बॉस्टन कॉर्बेट नावाच्या सार्जंटने फटीतून झाडलेली गोळी बूथच्या मानेत घुसली. काही तासांतच तो मरण पावला आणि त्याच्या साक्षीने जे उलगडले असते ते कायमचे बंद झाले.

खरा वाद येथून पुढचा आहे. आठ आरोपींवरील खटला नागरी न्यायालयात न चालविता नऊ लष्करी अधिकाऱ्यांच्या आयोगापुढे चालविण्यात आला. ७ जुलै रोजी चौघांना फाशी झाली. त्यांत कटवाल्यांची ये-जा असलेल्या खाणावळीची मालकीण मेरी सरॅट होती. आयोगाच्या नऊपैकी पाच सदस्यांनी तिच्यासाठी दयेची शिफारस केली होती, तरीही शिक्षा अमलात आली. संघराज्य सरकारने फासावर चढविलेली ती पहिली स्त्री होय. डॉ. मड यांना जन्मठेप झाली. तुरुंगात पीतज्वराच्या साथीत त्यांनी रुग्णसेवा केली आणि १८६९ मध्ये त्यांना माफी मिळाली.

१८६६ साली सर्वोच्च न्यायालयाने मिलिगन खटल्यात निर्णय दिला की, जेथे नागरी न्यायालये चालू आहेत तेथे नागरिकांवर लष्करी न्यायाधिकरणात खटला चालविता येत नाही. त्याच वर्षी मेरीचा मुलगा जॉन सरॅट इजिप्तमध्ये पकडला गेला. मधल्या काळात तो पोपच्या सैन्यात शिपाई होता. १८६७ मध्ये त्याच्यावर नागरी न्यायालयात खटला चालला. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पुढे त्याची सुटका झाली.