मॅक्लाउड कुळाची वस्त्रे

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ स्काय नावाचे एक डोंगराळ बेट आहे. तेथे समुद्रकाठच्या एका खडकावर डनव्हेगनचा किल्ला उभा आहे. मॅक्लाउड कुळाच्या नायकांचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे निवासस्थान होय. स्कॉटलंडच्या या उत्तरेकडील पहाडी मुलखाला हायलंड्स म्हणतात. तेथील लोक पूर्वी कुळाकुळांनी राहत. कुळाला त्यांच्या गेलिक भाषेत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'मुले' असा आहे. नायक हा पिता आणि सारे कुळ ही त्याची लेकरे, अशी त्यामागची भावना.

मॅक्लाउड म्हणजे लेओडचा पुत्र. तेराव्या शतकात होऊन गेलेल्या या लेओडच्या दोन पुत्रांपासून कुळाच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेकडे हॅरिस बेट व डनव्हेगन, तर दुसरीकडे लुईस बेट. आज या दोन्ही शाखांची वस्त्रे निरनिराळी आहेत. हॅरिसच्या शाखेचे कापड गडद निळ्या, हिरव्या आणि काळ्या रंगांचे असून त्यावर पिवळ्या व तांबड्या बारीक रेघा असतात. लुईसच्या शाखेचे कापड मात्र हळदीसारखे पिवळेधमक! त्यावर रुंद काळे पट्टे आणि तांबडी बारीक रेघ. ते इतके भडक दिसते की, इंग्रजी बोलणारे लोक यमक साधून त्याला थट्टेने 'लाउड मॅक्लाउड', म्हणजे कर्कश मॅक्लाउड, असे म्हणतात.

अशा चौकडीच्या लोकरी कापडाला टार्टन हे नाव आहे. त्याची रचना मोठी हिशेबी असते. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. धोट्याने आडवे धागे भरतात, तो बाणा. टार्टनमध्ये ताण्याला रंगांचा जो क्रम आणि धाग्यांची जी संख्या, तीच बाण्यालाही असते. बहुतेक नमुन्यांत हा क्रम एका टोकापर्यंत जातो आणि आल्या वाटेने उलट फिरतो. 'रामाला भाला मारा' हे वाक्य जसे कोणत्याही बाजूने वाचले तरी तेच राहते, तसाच हा प्रकार. बाण्याचा प्रत्येक धागा दोन धाग्यांच्या वरून आणि दोन धाग्यांच्या खालून जातो, आणि प्रत्येक ओळीला एक धागा पुढे सरकतो. त्यामुळे कापडावर तिरक्या रेषांची नक्षी उमटते. पिवळा धागा पिवळ्याला भेटला की शुद्ध पिवळा चौकोन होतो. तोच काळ्याला भेटला की दुरून पाहणाऱ्याला तिसराच रंग दिसतो. दोन रंगांपासून असा एक मिश्ररंग मिळतो, चार रंगांपासून सहा आणि सहा रंगांपासून तब्बल पंधरा. रंगाऱ्याने सहाच रंग द्यावेत आणि विणकराने त्यांचे एकवीस करून दाखवावेत, असे हे कौशल्य आहे.

हे नमुने लेओडच्या पुत्रांच्या काळापासून चालत आले असतील, असे कोणासही वाटेल. परंतु पुरावा काय सांगतो?

मार्टिन मार्टिन हा स्काय बेटावरचाच एक विद्वान गृहस्थ. डनव्हेगनच्या नायकाच्या घराण्यात त्याने शिक्षकाचे काम केले होते. १७०३ साली त्याचा पश्चिमेकडील बेटांचे वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेटाबेटांगणिक कापडाचे पट्टे आणि रंग बदलतात व जाणकार मनुष्य केवळ वस्त्रावरून माणसाचे राहण्याचे ठिकाण ओळखू शकतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. स्त्रिया धाग्यांची मोजणी चुकू नये म्हणून लाकडाच्या एका लहान तुकड्यावर प्रत्येक पट्ट्याचा हिशेब राखीत, हेही तो सांगतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्त्रावरून ठिकाण ओळखता येते, असे मार्टिन म्हणतो. कुळ ओळखता येते, असे म्हणत नाही. मॅक्लाउडांच्या घरात वावरलेल्या माणसाचे हे मौन बोलके आहे.

आणि ते स्वाभाविकही होते. ज्या भागात जी वनस्पती, तेथे तो रंग. खडकांवर वाढणाऱ्या दगडफुलापासून तपकिरी तांबडा रंग निघे. आपल्याकडे मसाल्यात पडणारे दगडफूल याच जातकुळीतले. नीळ आणि किरमिजी रंग मात्र बाहेरून विकत घ्यावे लागत.

पुढे मोठे राजकीय वादळ आले. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स याने गादीसाठी बंड केले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्याचा पराभव झाला. हायलंड्सचा लढाऊ बाणाच मोडून काढावा, या हेतूने सरकारने त्याच वर्षी कायदा केला व पहाडी पोशाखाला बंदी घातली. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे हद्दपारी! डनव्हेगनचा नायक नॉर्मन मॅक्लाउड हा तर सरकारच्या बाजूचा. परंतु कायद्याने त्याच्या माणसांनाही वगळले नाही. स्त्रियांना ही बंदी नव्हती आणि सरकारी फौजेतील सैनिकांनाही नव्हती. १७८२ साली बंदी उठली, तोवर एक पिढी सरली होती.

या काळात टार्टन जगले ते मुख्यतः पलटणींत. निळ्या, हिरव्या व काळ्या रंगांचे एकच गडद कापड घ्यावयाचे आणि निरनिराळ्या रंगांच्या रेघा घालून पलटणी ओळखावयाच्या, अशी युक्ती तेथे निघाली. मॅकेन्झी कुळाच्या कापडात पांढरी व तांबडी रेघ असते. त्याच जागी पांढरीऐवजी पिवळी रेघ घातली की हॅरिसच्या मॅक्लाउडांचे कापड दिसू लागते, इतके या दोहोंचे नाते जवळचे आहे. मॅकेन्झी कुळाच्या नायकाने १७९३ साली उभारलेली ७८ वी पलटण महाराष्ट्राच्या भूमीवरही येऊन गेली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांविरुद्ध ती लढली.

लुईसच्या पिवळ्या वस्त्राची हकीकत याहून चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कुळांची टार्टने निश्चित करण्याची हौस सर्वांना लागली. १८१५ साली लंडनच्या हायलंड सोसायटीने नायकांना आपापले नमुने पाठविण्याची विनंती केली, तेव्हा आपला नमुना कोणता, हे कित्येकांना ठाऊकच नव्हते! बॅनकबर्न येथील विल्सन यांच्या कारखान्याच्या १८१९ सालच्या वहीत दोनशेंहून अधिक नमुने होते. पुष्कळांनी तेथूनच आपली 'परंपरा' खरेदी केली. अशा वेळी दोन भाऊ पुढे आले. आपण राजपुत्र चार्ल्सचे नातू आहोत आणि कुळांच्या टार्टनांचे सोळाव्या शतकातील हस्तलिखित आपल्यापाशी आहे, असे ते सांगत. १८२९ साली त्यांच्या नमुन्यांची माहिती कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या कानी आली. पिवळ्या मॅक्लाउडचा उल्लेख त्यात होता. स्कॉटला संशय आला. त्याने ते खरे मानले नाही. तरीही १८४२ साली मोठ्या थाटाने ग्रंथ निघाला आणि कुळांनी त्यातील नमुने आनंदाने स्वीकारले. तो ग्रंथ बनावट होता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले.

रंगांच्या नावांतही अशीच गंमत आहे. दुकानात एकच टार्टन 'आधुनिक' आणि 'प्राचीन' अशा छटांत मिळते. 'आधुनिक' म्हणजे गडद आणि 'प्राचीन' म्हणजे फिकट, जुन्या वनस्पतिज रंगांची आठवण देणारे. वस्तुतः 'प्राचीन' ही छटाच नंतर निघालेली आहे. धाग्यांची संख्या व क्रम तोच असला, तर छटा कोणतीही असो, टार्टन तेच मानतात.

१९५६ साली डनव्हेगन येथे देशोदेशीच्या मॅक्लाउडांचे पहिले कुळसंमेलन भरले. गडद आणि पिवळी, दोन्ही वस्त्रे आज हे लोक सारख्याच अभिमानाने मिरवितात. नायक नॉर्मनचे एक भव्य चित्रही डनव्हेगनच्या किल्ल्यात आहे. पोशाखबंदीचा अंमल सुरू झाला, त्याच सुमारास अ‍ॅलन रॅम्झी या प्रसिद्ध चित्रकाराने ते रंगविले. चित्रातील नायक नखशिखान्त टार्टनमध्ये आहे. पण ते टार्टन ना गडद हिरवे, ना पिवळे. ते तांबडे असून त्यावर काळ्या रेघा आहेत.