मृत पिलाची जबानी

परसातल्या कोंबडीचे पिलू मेले तर त्याचे कारण विचारण्याची चाल आमच्याकडे नाही. सुरतेच्या लिंबायत, डिंडोली या भागांत कापडधंद्याच्या आधाराने स्थायिक झालेल्या आम्हां खानदेशी कुटुंबांनी अहिराणी बोलीबरोबर कोंबड्यांची आवडही मुलखातून आणली, आणि तिच्यासोबत ‘नजर लागली’, ‘हवा बाधली’ व ‘मानमोडी आली’ ही तीन ठरलेली उत्तरेही आणली. यांपैकी मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग खरा आणि घातक असला, तरी मरणाऱ्या प्रत्येक पिलावर त्याचे नाव चढविणे म्हणजे पंचनाम्यापूर्वीच आरोपी मुक्रर करण्यासारखे आहे.

एका श्रावणात उबवणी केंद्रातून आणलेली पिले आम्ही भाताच्या तुसाच्या गादीवर, विजेच्या दिव्याच्या उबेत ठेविली होती. पहिल्या आठवड्यातच डोळ्यांत थेंब टाकून राणीखेतची लसही दिली होती. दुसऱ्या आठवड्यात ती एकामागून एक मान ताणून, चोच उघडून श्वास घेऊ लागली आणि मरू लागली. शेजाऱ्यांनी मानमोडीचा निवाडा देऊन हळद-लसणाचा उपाय सांगितला. परंतु त्या रोगात घशातून बहुधा ऐकू येणारी घरघर येथे नव्हती, आणि विष्ठाही हिरवट नव्हती. अखेरीस नुकतेच मेलेले एक पिलू पशुवैद्यांनी उघडले, तेव्हा त्याच्या फुप्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळसर गाठी आढळल्या. पावसाळी दमटपणाने तुसात वाढलेल्या ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजकण पिले प्रत्येक श्वासाबरोबर आत घेत होती. हा रोग एका पिलापासून दुसऱ्यास लागत नाही, सर्वांना तो एकाच गादीतून होतो. म्हणून आजारी पिलू निराळे काढून भागत नाही, गादीच उचलावी लागते. खात्रीचे असे औषध त्यावर नाही. ते तूस जाळून, खोके धुऊन वाळवून, कोरडा भुसा अंथरल्यावर मरतूक थांबली. मात्र फुप्फुसे आधीच जायबंदी झालेली काही पिले पुढेही खुरटीच राहिली.

मृत पिलाची जबानी घेण्यात वयाचा तपशील प्रथम येतो. पहिल्या चार-पाच दिवसांतील मरणात बेंबीचा व पोटातील बलकाचा संसर्ग, किंवा उबेचा अभाव, यांचा संशय धरावा. सुरत उष्ण शहर आहे या भरवशावर दिवा काढून घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की पहिल्या आठवड्यातील पिलास सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि आमच्या पावसाळी रात्रीचे तापमान त्याहून बरेच खाली असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गुदद्वाराशी पांढरी विष्ठा चिकटलेली दिसल्यास पुलोरम या रोगाचा, आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत विष्ठेतून रक्त पडल्यास रक्ती हगवणीचा विचार करावा. निर्णय अर्थात शवविच्छेदनाचाच. पिलू ताजे हवे, कारण येथील उकाड्यात ते काही तासांतच कुजते. दुहेरी पिशवीत घालून बर्फाच्या सान्निध्यात न्यावे, मात्र गोठवू नये, आणि सोबत गादीचा व खाद्याचा मूठभर नमुना असावा.

एका प्रसंगी मात्र ही तजवीज वर्ज्य आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये महाराष्ट्रातील नवापुरात कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या, तेव्हा तेथेही प्रथम राणीखेतचेच नाव पुढे आले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच5एन1 हा बर्ड फ्ल्यूचा विषाणू सिद्ध केल्यावर देशातील या पहिल्या साथीचा बंदोबस्त सीमेपलीकडे, त्या वेळी सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छल तालुक्यापर्यंत पोहोचला, आणि परसातल्या कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. म्हणून पिलांबरोबर मोठ्या कोंबड्याही अकस्मात मरू लागल्या, तुरे निळसर पडले, डोकी सुजली, तर मृत पक्ष्यास हात लावू नये, मुलांना खुराड्यापासून दूर ठेवावे, एकही पक्षी विकू वा कापू नये, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ वर्दी देऊन नमुने घेण्याचे काम त्यांच्याच माणसांवर सोपवावे.