मोटारीच्या पाण्याचे झाकण

आता गावोगाव जीपगाड्या झाल्या. कोणी वडाप करतो, कोणी भाजी बाजाराला नेतो. गाडी घरची झाली म्हणजे तिची निगाही घरच्यांनीच राखायची. बैल लंगडू लागला तर शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. तसे मोटारीचेही थोडे कळले पाहिजे. आज आपण मोटारीतल्या पाण्याविषयी आणि त्याच्या झाकणाविषयी वाचू. झाकण मुठीत मावेल एवढेच असते. पण त्याच्यापायी माणसे भाजली आहेत आणि चांगली इंजिने बाद झाली आहेत.

मोटारीला पाणी कशाला लागते? इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते. त्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची काही धुराबरोबर बाहेर जाते आणि काही इंजिनाच्या धातूत उतरते. ती तेथेच साठू दिली तर तेल पातळ होते, पिस्टन फुगतो आणि इंजिन जाम होते. म्हणून इंजिनाच्या पोटात पाण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात. एक पंप ते पाणी फिरवितो. तापलेले पाणी रबरी नळीने पुढच्या जाळीत येते. या जाळीलाच रेडिएटर म्हणतात. तिच्या बारीक नळ्यांना वारा लागतो, पाणी निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. चहा कढत असला तर आपण तो बशीत ओततो ना? पसरला की लवकर निवतो. येथेही तेच.

आता झाकणाकडे येऊ. पाणी १०० अंशांना उकळते, असे शाळेत सांगतात. आम्हीही पुष्कळ वर्षे मुलांना तेच सांगितले. पण ते समुद्राकाठचे झाले. महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. याच्या उलट, दाब वाढविला तर पाणी १०० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. घरातल्या कुकरमध्ये हेच घडते. वाफ कोंडली की आतले पाणी १२० अंशांच्या आसपास जाते आणि डाळ लवकर शिजते. मायबहिणींना हे आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचे झाकण आणि शिट्टी एकाच ठिकाणी. त्याच्या आत स्प्रिंग असते आणि खाली रबराची चकती. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा काही आकडा असतो. तो दाबाचा आकडा. दाब त्याच्या वर गेला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचे पाणी बारीक नळीने शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते. गाडी निवली की आतले पाणी आकसते. तेव्हा चकतीच्या मधली दुसरी लहान झडप उघडते आणि बाटलीतले पाणी परत आत ओढले जाते. म्हणजे हे झाकण दिवसभर राबत असते. काही नव्या गाड्यांत जाळीला झाकण नसून बाटलीलाच असते. तेथे बाटलीतही दाब असतो.

आता हा प्रसंग पाहा. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. जीप माणसांनी गच्च भरलेली, ऊन कडक, गाडी दुसऱ्या गियरवर. काटा तांबड्या खुणेवर जातो. ड्रायव्हर उतरतो, खांद्यावरचा टॉवेल झाकणावर टाकतो आणि पिळतो. आतले पाणी १०० अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे गप्प बसलेले असते. झाकण सैल होताच दाब जातो. त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि कारंजे उसळते. ते तोंडावर, डोळ्यांवर, छातीवर येते. टॉवेल काय करणार? कुकरची वाफ कोंडलेली असताना झाकण ओढणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मग मोटारवाल्याने तरी ते का करावे?

याचे कारण आम्हाला असे वाटते. फार जुन्या मोटारींना नुसतेच झाकण असे. वाफ निघून जाई, पाणी आटे, आणि घाटात क्लीनर डबा घेऊन धावे. गाड्या बदलल्या, पण हाताची सवय राहिली.

तेव्हा गाडी तापली की ती कडेला घ्या, माणसे खाली उतरवा आणि इंजिन बंद करा. वाफ दिसत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. उतारू कुरकुर करतील, करू द्या. पंख्याजवळ हात नेऊ नका. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो. तापल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली तर कधीच ओतू नका, त्याने हेडला तडा जातो. वरची रबरी नळी हाताला गार लागली, म्हणजे मग झाकण उघडा.

कोणी भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहा. बर्फ नको. शाई, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नका. फोड फोडू नका. डोळ्यांत गेले असेल किंवा भाजणे मोठे असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पैसे पडत नाहीत.

गाडी वरचेवर तापत असेल तर आधी झाकण तपासा. ते सकाळी, गाडी गार असताना काढावे. रबर कडक झाले, चिरले, स्प्रिंग गंजली, की झाकण बदला. नवे घेताना जुन्यावरचा आकडा पाहून तोच घ्या. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असे नाही. जास्त दाबाने जुन्या नळ्या फुटतात. किंमत इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही. तरी कित्येक जण झाकण गळते म्हणून चिंधी कोंबून गाडी हाकतात! चिंधीने दाब धरत नाही. पाणी लवकर उकळते, आटते, आणि शेवटी हेडचे गॅस्केट जाते. मग ऑइल दुधाळ दिसू लागते आणि मागून पांढरा धूर थांबत नाही. तेथून पुढे गॅरेजच गाठावे लागते.

झाकण ठीक असेल तर जाळी पाहा. ऊसतोडीच्या दिवसांत तिच्यात पाचटाचा भुगा आणि कुसळे अडकतात. वारा कोठून लागणार? हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पत्र्याच्या पात्या वाकतात. पंख्याचा पट्टा असेल तर तो चिरला किंवा ढिला झाला आहे का, तेही बघा.

पाणी कोणते घालावे? बोअरचे पाणी नको. न्हाणीतल्या बंबात पांढरा थर धरतो, तसाच या बारीक नळ्यांत धरतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट घाला. त्याने गंज लागत नाही आणि पाणी उशिरा उकळते. दोन जातींचे मिसळू नका. वाटेत अडचण पडली तर साधे पाणी चालेल, पण घरी आल्यावर ते बदलून घ्या. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बहुतेक कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. सांडलेले कुत्रे चाटते, मूलही बोट बुडवून तोंडात घालते. म्हणून जुने कूलंट गटारात किंवा ओढ्यात ओतू नका. ते बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या आणि नवा डबा मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका.