बॅटरीचा सांधा आणि पनवेलची दमट हवा

मोटारीच्या बॅटरीवरील शिशाचा खुंट आणि त्याभोवती आवळलेली तारेची पकड यांच्यातील सांधा बिघडला, की किल्ली फिरवल्यावर सेल्फ नुसता टकटक करतो, पण दिवे मात्र लागतात. आणि या विसंगतीचा उलगडा न झाल्यामुळे पुष्कळदा धडधाकट बॅटरी मोडीत जाते, ही खेदाची बाब आहे. वस्तुतः दिव्यांना थोडाच प्रवाह पुरतो, तर सेल्फला, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरला, क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर लागतात. अशा वेळी सांध्यात ०.०२ ओहम एवढाच रोध असला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

पनवेल खाडीकाठी वसलेले असल्याने तेथील हवा खारट व दमट असते, आणि पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ती विशेष बाधते. त्यात बॅटरीतील गंधकाम्लाचा अंश खुंटाच्या बुडाशी झिरपला, की शिशावर पांढरी आणि तांब्यावर निळसर-हिरवी भुकटी धरते. गणपतीला कोकणात निघालेली गाडी पेणला चहापुरती थांबते आणि पुन्हा सुरू होत नाही. चारजण ढकलून ती चालू करतात, त्यामुळे दोष झाकला जातो आणि परतीच्या वाटेवर तोच पुन्हा उभा राहतो.

परीक्षा सोपी आहे. मल्टिमीटरची एक सळई थेट खुंटाच्या माथ्यावर व दुसरी पकडीवर टेकवून सेल्फ मारायला सांगावे. काटा वा आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर सांधा दोषी समजावा. बाहेरून स्वच्छ दिसणारी पकडही येथे फसवते, कारण खरा अडथळा पकडीच्या आतल्या बाजूस साचलेल्या काळपट थरात असतो.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. इंजिन बंद करून आधी मायनसची तार सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पान्हा गाडीच्या पत्र्याला लागला, तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघत असल्याने ही ठिणगी जिवावर बेतू शकते. हातमोजे व चष्मा घालून खायच्या सोड्याचे पाणी भुकटीवर घालावे, फेस थांबला की साध्या पाण्याने धुवावे; मात्र बॅटरीची बुचे घट्ट असावीत, कारण सोडा आत गेल्यास आम्ल निकामी होते. सांधा पूर्ण कोरडा करून खुंट व पकडीचा आतील भाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावा, पकड खाली दाबून बसवावी, हाताने हलणार नाही इतपत आवळावी आणि मगच वरून व्हॅसलिन लावावे. आवळताना हातोडी मारू नये, खुंट आतून तुटतो.

भुकटी महिनाभरात परत आली, तर इंजिन चालू असताना व्होल्टेज पाहावे. बहुतेक गाड्यांत ते १३.८ ते १४.४ असते आणि सतत १५च्या पुढे गेल्यास अल्टरनेटर अतिरिक्त चार्ज देत असून त्याचा रेग्युलेटर तपासावा लागतो. इंजिनाची अर्थिंगची पट्टीही याच वेळी पाहावी. तारेचे आवरण टोकाशी फुगलेले असल्यास थोडे सोलून पाहावे. आत लाल तांबे दिसले तर नवी पकड पुरते, पण हिरवट भुकटी आत सरकलेली दिसल्यास संपूर्ण तारच बदलावी.